उष्टी नळी

आमच्या बंदरात आगबोट धक्क्याला लागत नसे. ती खाडीच्या तोंडाशी लांब उभी राहायची आणि माणसं पडावातून तिच्यापर्यंत जायची. मे संपत आला होता, पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या बेतात होत्या, त्यामुळे साऱ्या गावाला त्याच दिवशी मुंबई गाठायची होती. पडाववाला आधी वरच्या आळीची माणसं बसवायचा, मग त्यांची आंब्याची करंडी, मग त्यांच्या कोंबड्या, आणि जागा उरली तर आमच्या वाडीची माणसं. मी मॅट्रिक पास झालेली, आमच्या वाडीतली पहिली, अंगावर नवं पातळ, आणि बसले कोंबड्यांच्या मागं.

बाबा कमरेइतक्या पाण्यात उभा राहून माझी पत्र्याची ट्रंक वर देत होता. म्हणाला, "खाली मान घालून शिक गो बाय, आणि वर मान करून ये." आये काठावर पदर तोंडात धरून रडत होती. माझी धाकटी बहीण वच्छी मात्र रडत नव्हती. ती दहा वर्षांची, झगा वर खोचून पाण्यात शिरलेली, आणि मला ओरडून विचारत होती, "आक्का, बोटीत संडास असतो काय गो?" मी सांगितलं, "असतो." मला तरी काय माहीत होतं? मी कधी बोट आतून बघितली होती?

हे मी लिहितेय ते तुमच्यासाठी, जे त्या काठावर राहिलात, आणि तुमच्यासाठीही, जे माझ्यासारखे कोंबड्यांच्या मागं बसून आलात आणि आता नातवंडांना सांगता की मुंबईत जातपात नव्हती बाबा, मुंबईनं सगळ्यांना पोटाशी धरलं. धरलं असेल तुम्हाला. मला सांगू नका.

मुंबईत मी काकाकडे उतरले. बाबाचा सख्खा भाऊ. डिलाईल रोडच्या चाळीत त्याची एक खोली होती, तो गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता. त्या खोलीत काका, काकी, त्यांची चार पोरं, पैसे देऊन राहणारे गावचे दोन जेवणकरी आणि मी. जेवणकरी पाळीपाळीनं झोपायचे, एक कामावर गेला की दुसरा त्याच्या वळकटीवर. मी मोरीच्या बाजूला काकीशेजारी. काकी चांगली होती. पण नऊ माणसांच्या खोलीत चांगुलपणालाही पाय पसरायला जागा लागते, आणि ती नव्हती.

परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात काकाच्या ओळखीचा एक वॉर्डबॉय होता. त्याच्या शब्दावर मला तिथल्या लॅबोरेटरीत चिकटवून घेतलं. काम काय, तर बाटल्या धुणं. लघवीच्या बाटल्या, खाकऱ्याच्या डब्या, रक्ताच्या ट्यूबा. मॅट्रिक झालेली पोर आणि लोकांचा खाकरा धुतेय, म्हणून चाळीत बायका कपाळावर हात मारायच्या. मी म्हणायचे, धुते तर धुते, हात मोडले नाहीत. पण मनातून जळत होते. गावात बाबानं मेली ढोरं ओढायचं सोडलं, त्यासाठी मार खाल्ला, आणि मी शिकून इथं येऊन करतेय काय, तर लोकांची घाणच उपसतेय.

दोनेक वर्षांनी हॉस्पिटलात टेक्निशियनचा कोर्स निघाला. रक्त, लघवी, थुंकी तपासायची, सूक्ष्मदर्शकाखाली जंतू ओळखायचे, हे सगळं शिकवणार, शेवटी बाहेरचे परीक्षक येऊन परीक्षा घेणार आणि मग सर्टिफिकेट. मॅट्रिक असलेल्या कामगारांनाही बसता येईल असं नोटिशीवर होतं. मी नाव दिलं. आमचे सीनियर टेक्निशियन, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत, ते हसून म्हणाले, "बाटल्या कोण धुणार मग?" मी म्हटलं, "दोन्ही करीन." आणि केलं. सकाळी बाटल्या, दुपारी कोर्स.

ते सर्टिफिकेट मला कशासाठी हवं होतं ते नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. सर्टिफिकेट असलेल्या बाईला टेक्निशियनची पर्मनंट नोकरी, आणि पर्मनंट बाईला हॉस्पिटलच्या आवारात राहायला खोली मिळे. स्वतःची खोली. त्या मे महिन्यात मी गावी गेले तेव्हा बाबाला बांधावर गाठून सांगितलं, "वच्छीची सातवी होईल तवर माझं सर्टिफिकेट होतंय. गावात सातवीच्या पुढं शाळा नाही, मी शिकले ते तालुक्याचं बोर्डिंग बंद पडलंय. तिला मी नेते. नायगावात हायस्कूल आहे, तिथं घालते. माझ्या खोलीत राहील." बाबानं बांधावरचा ढासळलेला दगड सारखा केला. मग म्हणाला, "खोली मिळू दे. मग ने." वच्छी हुशार होती, माझ्यापेक्षा हुशार. मी पाठ करायचे, तिला समजायचं. आयुष्यात कुठल्या गोष्टीची मी एवढी इच्छा धरली नाही जेवढी तिला त्या पडावात माझ्याशेजारी बसवायची धरली.

कोर्सला आम्ही सात जण. पाच मुलगे, आणि मुली दोन, मी, यमुना, आणि कुमुद. कुमुद ठाकूरद्वारची, गोरी, नाजूक, वडील कुठल्याशा कचेरीत हेडक्लार्क. मुली दोघीच, म्हणून आमची जोडी लावली. एकमेकींच्या बोटाला सुई टोचायची आणि एकमेकींचं रक्त मोजायचं. ती टोचताना स्वतःच डोळे मिटायची. मी म्हणायचे, "अगं बये, डोळे उघड, नाहीतर हाडात घुसवशील." दोघी हसायचो. माझं आडनाव गावावरून पडलेलं, कोकणात कुणाचंही असतं तसं. तिनं जात विचारली नाही, मी सांगितली नाही.

रक्त कसं मोजायचे ते सांगते, आता कुणी तसं मोजत नाही, यंत्र मोजतं. काचेची बारीक पिपेट, तिला रबराची नळी, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला माउथपीस. तो तोंडात धरायचा आणि जपून ओढायचं, रक्त खुणेपर्यंत चढलं की थांबायचं. जास्त ओढलं तर वाया, थांबलात तर रक्त गोठतं. म्हणजे काम सगळं ओठांचं आणि श्वासाचं. नळ्या ड्रॉवरमध्ये एकत्र पडलेल्या असत. हाताला येईल ती घ्यायची. कुमुद कितीदा माझ्या तोंडातली नळी घेऊन, पदरानं जरा पुसून, स्वतःच्या तोंडात धरायची. मला त्यात काही वाटायचं नाही. खरं सांगते, वाटायचं. गावात आमची सावली टाळणारी माणसं आठवायची आणि आनंद व्हायचा.

त्याच दिवसांत मुंबई पेटली. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, हे लालबागपासून गिरगावापर्यंत भिंतीभिंतीवर. गिरण्या बंद पडायच्या, काका झेंडा घेऊन जायचा. कुमुदचे वडील सत्याग्रहात जाऊन आठवडाभर तुरुंगात राहून आले होते, ती त्याचं कौतुक सांगताना थकायची नाही. एकदा तीच मला ओढत मोर्चाला घेऊन गेली. मराठी माणूस तेवढा एक, असं कुणीतरी वर चढून सांगत होतं आणि आम्ही दोघी हातात हात घालून घसा फुटेस्तोवर ओरडत होतो. मग पोलिसांनी अश्रुधूर सोडला. मला काही दिसेना, श्वास कोंडला. कुमुदनं मला भिंतीशी नेलं, कुणाच्या तरी बादलीत आपला रुमाल बुडवला आणि माझ्या डोळ्यांवर दाबून धरला. तिचे स्वतःचे डोळे सुजले होते. लोक पळत होते, ती हलली नाही. म्हणून म्हणते, कुमुद भित्री नव्हती, आणि वाईटही नव्हती. वाईट असती तर मला सोपं गेलं असतं.

मग तो डिसेंबर आला. ज्यांनी आम्हाला माणूस म्हणून उभं केलं ते गेले. दादरच्या चौपाटीवर त्यांच्या चितेच्या साक्षीनं माणसं दीक्षा घेत होती, त्यात काका, काकी आणि मी होतो. घरी येऊन काकीनं देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधून काकाच्या हाती दिले. तो समुद्रात सोडून आला आणि त्या दिवशी जेवला नाही. आईबापाचे देव होते शेवटी.

कामावर गेले तेव्हा भाऊसाहेबांनी खाडा का झाला विचारलं. सगळे होते तिथं, कुमुदही. मी सांगितलं, दीक्षा घेतली. मला काय चोरी होती? उलट त्या दिवशी माझी मान खरंच वर होती. भाऊसाहेब "बरं, बरं," म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. कुमुदनं माझ्याकडे बघितलं, मग ड्रॉवरकडे बघितलं. दीड वर्ष तिनं माझ्या तोंडातली नळी तोंडात धरली होती, ते तिच्या डोक्यात त्या वेळी फिरत होतं हे मला नंतर कळलं.

पुढच्या आठवड्यात ड्रॉवरमधल्या नळ्यांना दोरे बांधलेले. लाल, पिवळा, हिरवा, ज्याचा त्याचा रंग. भाऊसाहेब म्हणाले, "हायजीन म्हणून. प्रत्येकानं आपली वापरायची." मला पटलं. क्षयाच्या पेशंटांची थुंकी हाताळणारी माणसं आम्ही, बरोबरच आहे म्हटलं, आणि मीही माझ्या नळीला निळा दोरा बांधला. मठ्ठ होते मी. महिनाभरानं लक्षात आलं की पिवळ्याची नळी फुटली की तो लाल वापरतो, लाल हिरव्याची वापरतो, कुणाचं काही अडत नाही. फक्त निळीला कुणी हात लावत नाही. हायजीन माझ्यापुरतंच होतं. कुणाचंही रक्त चालायचं त्यांना, पू चालायचा, आतड्यातले जंत चालायचे. माझं उष्टं तेवढं चालत नव्हतं.

कुमुदला मी विचारलं. ती रडवेली झाली. म्हणाली, "मला काही नाही गं, पण आई फार सोवळ्याची आहे. तिला शपथेवर सांगितलंय मी." मी म्हटलं, "आई येते का इथं बघायला?" ती ड्रॉवर लावायला लागली. तरी आम्ही सुई टोचायला जोडीनंच बसायचो. मी राग गिळला. माझं लक्ष वच्छीच्या सातवीवर होतं. परीक्षा एप्रिलात, वच्छीचा निकाल मेच्या सुरुवातीला, आणि बोटी बंद व्हायच्या आधी मी तिला घेऊन येणार. दोऱ्यांवरून भांडायला मला वेळ नव्हता.

प्रॅक्टिकलच्या दिवशी पुण्याहून परीक्षक आले. कडक गृहस्थ होते. त्यांनी आल्या आल्या सांगितलं की खाजगी नळ्या, खाजगी पिपेटी काही चालणार नाही, सगळं हॉस्पिटलचं आणि सगळं उकळून पाहिजे. भाऊसाहेबांनी सगळ्या नळ्यांचे दोरे कापले, एका पातेल्यात उकळल्या आणि एका ट्रेमध्ये ओतल्या. झालं. कुठली निळी आणि कुठली पिवळी, देव असता तर त्यालाही सांगता आलं नसतं.

पाचही मुलग्यांनी एकमेकांकडे पाहिलं, एकेक नळी उचलली, डोळे मिटले आणि तोंडात घातली. परीक्षेपुढं सोवळं गळून पडतं. मला हसू येत होतं, खोटं कशाला बोलू. कुमुद माझ्यासमोरच्या बाकावर होती. आम्हा दोघींना मिळून रक्ताची एक बाटली, त्यातल्या तांबड्या पेशी मोजायच्या. कुमुदनं नळी घेतली, ओठांपर्यंत नेली आणि खाली ठेवली. पुन्हा नेली. माउथपीस ओठांना न लावता वरच्या वर ओढायला बघत होती, पाहुण्याच्या घरी आपण तांब्यातलं पाणी वरून पितो ना, तसं. पण वरून पाणी पडतं, रक्त वर ओढावं लागतं. ओठ मिटल्याशिवाय ते तसूभर चढत नाही. तिच्या कपाळावर घाम आला होता. मी हळूच म्हटलं, "कुमुद, उकळलेली आहे गं." तिनं ऐकलं की नाही कुणास ठाऊक.

मी माझ्या कामाला लागले. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मोजलं, आकडा शेजारच्या कच्च्या कागदावर लिहिला आणि खात्रीसाठी दुसऱ्यांदा मोजायला घेतलं. डोळा वर केला तेव्हा कुमुद जागेवर नव्हती. तिची पिपेट धुण्याच्या भांड्यात पडली होती आणि ती परीक्षकांच्या हातात पेपर देत होती. माझ्याआधी. मला वाटलं, जमलं वाटतं तिला. बरं वाटलं मला, ऐका, बरं वाटलं.

मी माझा पेपर दिला. परीक्षकांनी दोन्ही पेपर शेजारी ठेवले आणि मला बोलावलं. दोघींचा आकडा शेवटापर्यंत एकच होता. आता हे ज्यानं रक्त मोजलंय त्याला कळेल की तसं कधी होत नाही. एकाच माणसानं तेच रक्त दोनदा मोजलं तरी आकडा थोडा इकडेतिकडे होतो. म्हणजे एकीनं दुसरीचा उतरवला. आणि पेपर आधी कुणी दिला? कुमुदनं.

मी म्हटलं, "सर, मी मोजलंय. माझी पिपेट बाकावर आहे, सूक्ष्मदर्शकाखाली काच लावलेली आहे, बघा." ते म्हणाले, "तुम्ही ओढून ठेवलं असेल, मोजलं कुणी ते मला कसं कळणार?" मी म्हटलं, "मग दोघींना परत करायला लावा. तुमच्यासमोर." ते कुमुदकडे वळले. कुमुद पांढरीफटक, मान खाली. एवढंच म्हणायचं होतं तिनं की हा आकडा यमुनाचा आहे. चार शब्द. ज्या तोंडानं तिनं अश्रुधुरात घोषणा दिल्या त्या तोंडातून चार शब्द निघाले नाहीत.

भाऊसाहेब मध्ये पडले. म्हणाले, "साहेब, ही ठाकूरद्वारची मुलगी, चांगल्या घरातली, वर्गात पहिली. ही दुसरी आमच्याकडे बाटल्या धुवायला होती. आता आपणच काय ते बघा. आणि आपली गाडीची वेळ होतेय." परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. माझ्या पेपरावर तिरकी रेघ मारली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी, सगळ्यांदेखत, दुपारच्या उजेडात. माझं प्रॅक्टिकल रद्द झालं. पुन्हा बसायचं ते पुढच्या वर्षी.

जिन्यावर कुमुदनं मला गाठलं. ढसाढसा रडत होती. "यमू, मला जमलंच नाही गं. मी ठरवून आले होते, पण तोंडच मिटेना. अंगातच शिरलंय ते, मी काय करू?"

मी म्हटलं, "ते राहू दे. नंतर बोलायचं होतंस."

"काय बोलू? का नाही ओढलं विचारलं असतं तर काय सांगू? सगळ्यांसमोर? बाबांचं नाव आहे गं चळवळीत."

मी जिना उतरायला लागले. मग ती जे बोलली ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. डोळे पुसून, माझा हात धरून, अगदी मायेनं म्हणाली, "तू हुशार आहेस. पुढच्या वर्षी बसशील आणि पास होशील. एक वर्षाचा तर प्रश्न आहे."

मी हात सोडवून घेतला. तिला काय माहीत एक वर्ष म्हणजे काय. तिच्या घरात सातवी झालेली मुलगी आठवीत जाते. आमच्या गावात सातवी झालेली मुलगी घरी बसते, आणि घरी बसलेली मुलगी सगळ्यांच्या डोळ्यांवर येते.

मेच्या सुरुवातीला वच्छी सातवी पास झाली, केंद्रात पहिली. मी त्या वर्षी गावी गेलेच नाही. कुठल्या तोंडानं जाणार? काकाला म्हटलं, वच्छीला एवढं एक वर्ष इथं आणू या. त्यानं खोलीभर नजर फिरवली आणि मला म्हणाला, "तूच सांग, कुठं निजवू?" त्याचं चुकलं नाही. बोटी बंद झाल्या. मी परत बाटल्या धुवायला लागले. कुमुद पांढरा कोट घालून समोर बसायची, मी तिच्या बाटल्या धुवायचे.

त्या वर्षात मी अभ्यास केला नाही असं नाही. रागानं केला. प्रत्येक पिपेट भाऊसाहेबांच्या समोर उभी राहून ओढली. पण शिमगा झाल्यावर गावचा माणूस निरोप घेऊन आला की वच्छीचं ठरलं. मुलगा खाडीपलीकडचा, शेतावर मजुरीला जाणारा, माणूस निर्व्यसनी. मी धाकधुकीत रजा काढून गेले आणि बाबाला सांगितलं, एक महिना थांब, परीक्षा तोंडावर आहे. बाबा म्हणाला, "मागल्या सालीबी तोंडावर होती. तुजी परीक्षा थांबते गो, पोर थांबत नाय." रागानं नाही म्हणाला. थकून म्हणाला. मला त्याच्याशी भांडताही आलं नाही. लग्न झालं. वच्छी हळद लागलेल्या हातांनी माझ्या गालाला हात लावून म्हणाली, "आक्का, तू आलीस ते बरं झालं." मी आले होते कशासाठी ते तिला सांगितलं नाही. मांडवात काय सांगणार?

महिन्यानं मी पास झाले. सर्टिफिकेट मिळालं, पर्मनंट झाले, हॉस्पिटलच्या आवारात खोली मिळाली. हवेशीर खोली, दोन खाटांची. कुमुदचं लग्न ठरलं तेव्हा तिनं नोकरी सोडली. तिचं सर्टिफिकेट तिच्या सासरी कुठल्या कपाटात असेल, देव जाणे. लग्नाचं बोलावणं मला होतं, मी गेले नाही. आणखी दोन वर्षांनी राज्य मिळालं. परळ, लालबाग, गिरगाव, सगळीकडे रोषणाई. काका पेढे घेऊन आला, म्हातारा नाचत होता. म्हणाला, "मराठी माणूस जिंकला गो." मी पेढा खाल्ला. काकाचा आनंद खरा होता, तो मी कशाला नासवू? पण खिडकीतून ते दिवे बघताना मला एकच वाटत होतं, की ज्यांनी एकमेकांचा हात धरून हे राज्य आणलं त्यांना एकमेकांच्या नळीला ओठ लावता आला नाही, आणि त्यात माझी बहीण गेली. जळलं ते, असं म्हटलं मी. मनात नाही, मोठ्यानं.

लग्न मी केलं नाही. स्थळं आली, मोडली, काही मी मोडली. गावी गेले की मला मुंबईची म्हणतात, खुर्ची देतात, चहा कपात देतात. इथं शेजारीण अजून विचारते, "मूळ कुठलं गाव तुमचं?" आणि मी नाव सांगितलं की पुढचं मनातल्या मनात ताडते. गिरण्या गेल्या, काका गेला, चाळीत आता त्याचा नातू राहतो. रिटायर झाल्यावर हॉस्पिटलची खोली सोडावी लागली, परळलाच एक लहानशी घेतली. चांगली आहे. पाणी सकाळी येतं.

गेल्या वर्षी वच्छी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आली. तिचा नवरा गेलाय, मुलं मोठी झाली. जन्मात पहिल्यांदा ती माझ्याकडे राहायला आली, पंधरा दिवस. एका डोळ्यावर पट्टी, आणि मला काम करू देईना. एका दुपारी मी तांदूळ निवडत होते, ती भिंतीला टेकून बसली होती. मी बोलून गेले. इतकी वर्षं पोटात होतं, त्या दिवशी का निघालं माहीत नाही. नळी, परीक्षक, कुमुद, ती रेघ, सगळं सांगितलं. आणि शेवटी म्हटलं, "त्या साली पास झाले असते तर तुला नायगावच्या शाळेत घातली असती. बाबाला सांगून ठेवलं होतं मी."

तिनं पट्टी नसलेला डोळा माझ्याकडे वळवला. म्हणाली, "मला नेणार होतीस?"

"बाबानं सांगितलं नाही तुला कधी?"

"नाय गो. मला वाटायचं, तू गेलीस ती गेलीसच. तुला आमची सय राहिली नसंल."

चाळीस वर्षं ती असं समजून जगली. मी तिच्यासाठी जळत होते आणि ती समजत होती की मी तिला विसरले. कुमुदवर, भाऊसाहेबांवर, त्या पुण्याच्या माणसावर मी इतकी वर्षं दात खाल्ले, पण त्या दुपारी जे झालं तसं कधी झालं नव्हतं. मी निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत होते.

वच्छीनं पुढं सरकून माझ्या मांडीवरचं सूप काढून घेतलं आणि एका डोळ्यानं तांदूळ निवडायला लागली. मग म्हणाली, "म्हंजे मी शिकले असते."

"शिकली असतीस. डॉक्टरीण झाली असतीस."

"ते जाऊ दे गो," ती म्हणाली. तिनं माझी खोली पाहिली, एक खाट, एक ताट, दोरीवर माझीच दोन पातळं. "तू तरी अशी एकटी नसती राहिलीस."

तुम्ही विचारता ना, घर कुठं, गावात की मुंबईत. माझं घर ती दोन खाटांची खोली होती. दुसऱ्या खाटेवर मी रिटायर होईपर्यंत वर्तमानपत्रं ठेवली.